बोटीची शिडी की आगगाडीचा दरवाजा?

१९२३ साली हुदा शारावी आणि सैझा नबरावी या दोन इजिप्शियन स्त्रियांनी चारचौघांत चेहऱ्यावरचा नकाब दूर केला. एवढे विधान निर्धास्तपणे करता येते. पण हे कुठे घडले, कोणत्या महिन्यात घडले, कोणी पाहिले आणि पाहणाऱ्यांवर त्याचा काय परिणाम झाला, असे विचारू लागताच साधने एकमेकांना छेद देऊ लागतात. मुस्लिम स्त्रियांच्या नकाबाबद्दलच्या वादात, जगात कुठेही, या घटनेचा दाखला हटकून दिला जातो. तेव्हा तिच्याविषयी आपल्याला नेमके काय ठाऊक आहे, हे कागदोपत्री तपासून पाहायला हवे.

आधी सर्वपरिचित हकिगत. मे १९२३ मध्ये रोम शहरात आंतरराष्ट्रीय स्त्री मताधिकार संघाची परिषद भरली. इजिप्शियन स्त्रीवादी संघ ही संस्था त्याच वर्षी १६ मार्चला स्थापन झाली होती. तिच्या अध्यक्ष हुदा शारावी, त्यांची तरुण सहकारी सैझा नबरावी आणि शिक्षिका नबविया मूसा अशा तिघी परिषदेला गेल्या. परतताना कैरोच्या रेल्वे स्थानकावर गाडी थांबली. स्वागताला काळ्या झग्यांतल्या, चेहरे झाकलेल्या स्त्रिया जमल्या होत्या. हुदाबाई डब्याच्या पायरीवर आल्या आणि त्यांनी नकाब मागे सारला, पाठोपाठ सैझांनी. क्षणभर शांतता, मग टाळ्यांचा कडकडाट, आणि जमलेल्यांपैकी काहींनी तिथल्या तिथे केलेले अनुकरण. अनेक पुस्तकांत आणि लेखांत हीच हकिगत थोड्याफार फरकाने येते.

ती इंग्रजी वाचकांपर्यंत पोचली प्रामुख्याने मार्गो बद्रान या अमेरिकन अभ्यासिकेमुळे. हुदाबाईंच्या आठवणींचा बद्रान यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या पुस्तकात स्थानकाचा प्रसंग येतो तो बद्रान यांनी स्वतः लिहिलेल्या मजकुरात. प्रसंगाचा काळ त्या १९२३ चा वसंत असा देतात, आणि बायकांसोबत आलेल्या खोजांना हा प्रकार रुचला नाही, हा तपशील तत्कालीन वर्णनांच्या हवाल्याने नोंदवतात. बद्रान यांची विश्वासार्हता मोठी आहे. सैझा नबरावी १९८५ पर्यंत हयात होत्या आणि बद्रान यांनी कैरोत त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. म्हणजे स्थानकाच्या हकिगतीमागे प्रत्यक्ष सहभागी स्त्रीशी झालेला संवाद आहे. मात्र त्या संवादात आणि मूळ घटनेत सुमारे अर्धशतकाचे अंतर आहे, आणि दरम्यानच्या काळात ती घटना इजिप्तमधल्या स्त्रीचळवळीचे मानचिन्ह बनून गेली होती. एखादी गोष्ट शेकडो वेळा सांगितली गेली की सांगणाऱ्याची स्मृतीही त्या सांगण्याच्या वळणाने जाऊ लागते. साक्ष खोटी आहे असे यावरून ठरत नाही. ती दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहायला हवी, एवढेच ठरते.

दुसरी साक्ष खुद्द हुदा शारावी यांची. त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या आठवणी अरबीत लेखनिकाला सांगून लिहवून घेतल्या. त्या १२ डिसेंबर १९४७ रोजी वारल्या. आठवणी पुस्तकरूपाने बाहेर आल्या १९८१ मध्ये, कैरोच्या दार अल्‌-हिलाल या प्रकाशनसंस्थेकडून. या अरबी पुस्तकात नकाब दूर केल्याचा उल्लेख आहे, आणि तो वाचताना अभ्यासकाला थबकावे लागते. तिथे स्थानक नाही, आगगाडी नाही, टाळ्याही नाहीत. हुदाबाई सांगतात त्याचा आशय असा: मी आणि माझी सचिव सैझा, आम्ही नकाब वर केला, फातिहा म्हटली आणि उघड्या चेहऱ्यांनी बोटीच्या शिडीवर पाऊल ठेवले. लोकांवर काय परिणाम होतो ते पाहायला आम्ही वळून बघितले, तर काहीच परिणाम दिसला नाही. कारण सगळ्या गर्दीचे डोळे साद झगलूल यांच्याकडे लागले होते.

पुरावा तोलण्याच्या दृष्टीने हा उतारा अतिशय मोलाचा आहे. आठवणी सांगणारी व्यक्ती आपल्या कृतीचे महत्त्व वाढवील, हा धोका इतिहासकार नेहमी गृहीत धरतो. इथे उलट घडले आहे. ज्या कृतीमुळे जग आपल्याला ओळखते तिच्याकडे त्या वेळी कुणाचे लक्षही गेले नाही, अशी कबुली कर्ती स्वतः देते. स्वतःच्या मोठेपणाला बाधा आणणारे विधान रचण्यात तिचा काही लाभ नव्हता. फातिहेचा तपशीलही असाच आहे. कुराणाचा हा पहिला अध्याय श्रद्धाळू मुसलमान शुभकार्याच्या आरंभी म्हणतात. आपण धर्माबाहेर पाऊल टाकतो आहोत असे त्या दोघींना वाटत नव्हते, हे त्यातून दिसते. ही कहाणी पुढे ज्यांनी गौरवाने सांगितली त्यांना आणि ज्यांनी निषेधाने सांगितली त्यांना, दोघांनाही हा तपशील फारसा सोयीचा नव्हता; म्हणून तो मागाहून घुसडला गेल्याची शक्यता कमी वाटते.

पण हा उतारा एक कोडे सोडवताना दुसरे घालतो. बोटीवर साद झगलूल कसे?

झगलूल हे इजिप्तच्या स्वातंत्र्यलढ्याचे सर्वमान्य पुढारी. नोव्हेंबर १९१८ मध्ये ब्रिटिश उच्चायुक्तांपुढे स्वातंत्र्याची मागणी मांडायला जे तिघे गेले, त्यांत झगलूल होते आणि हुदाबाईंचे पती अली शारावीही होते. या काळात झगलूल गर्दीच्या जल्लोषात दोनदा मायदेशी परतले. पहिल्यांदा एप्रिल १९२१ मध्ये, पॅरिस-लंडनच्या वाटाघाटींनंतर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटिशांनी त्यांना पुन्हा अटक केली. एडन, सेशेल्स आणि जिब्राल्टर असा हद्दपारीचा प्रवास झाला. १९२३ च्या वसंतात सुटका झाल्यावर ते काही काळ युरोपात राहिले आणि सप्टेंबर १९२३ मध्ये अलेक्झांड्रियाला उतरले. हे झाले दुसरे आगमन.

हुदाबाईंच्या आठवणीतली बोट यांपैकी कोणती? काही अरबी लेखक ही घटना १९२१ ची ठरवतात. त्या तारखेविरुद्ध दोन मुद्दे आहेत. रोमची परिषद त्यानंतर दोन वर्षांनी झाली, आणि नकाब दूर झाला तो रोमहून परतल्यावर, याबाबत स्थानकाची परंपरा ठाम आहे. दुसरा मुद्दा लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. उताऱ्यात सैझांना ‘माझी सचिव’ म्हटले आहे. हे नाते मार्च १९२३ मध्ये संघ स्थापन झाल्यानंतरच्या काळाशी अधिक जुळते. अर्थात आठवणी पुष्कळ नंतर सांगितल्या असल्याने नंतरचे नाते आधीच्या प्रसंगाला चिकटले असण्याची शक्यता उरते. म्हणून हा पुरावा साहाय्यक समजावा, निर्णायक नव्हे.

मग उरते सप्टेंबर १९२३. ही तारीख धरली तर रोमची परिषद आणि झगलूल यांचे आगमन दोन्ही एका वर्षात बसतात. परिषद संपली १९ मे रोजी. इजिप्तमधली श्रीमंत घराणी उन्हाळा युरोपात घालवीत, हा त्या काळचा प्रघात होता. परिषदेनंतर हुदाबाई उन्हाळाभर तिकडेच थांबल्या आणि झगलूल ज्या बोटीने आले त्याच बोटीने परतल्या, असे मानले तर सगळे नीट जुळते. पण मग स्थानकाच्या हकिगतीतला वसंत गळून पडतो. उलट वसंत कायम ठेवायचा तर त्या बोटीवर झगलूल असू शकत नाहीत. दोन्ही साक्षी जशाच्या तशा एकाच वेळी खऱ्या धरता येत नाहीत. कुठेतरी एका धाग्यात गाठ आहे.

इथे मराठी वाचकाला आपल्याकडच्या जुन्या वादाची आठवण होईल. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखर आणि समकालीन पत्र यांत पत्राला झुकते माप देण्याची शिस्त आपल्या इतिहासलेखनात रुजली. तो निकष इथे लावला तर दोन्ही साक्षी बखरीच्या बाजूला जातात. एक दीर्घ काळानंतर लिहवून घेतलेली आणि कर्तीच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी छापलेली. दुसरी अर्धशतकानंतरच्या संभाषणातून आलेली. पत्राच्या जागी बसेल असे काय असू शकते? संघाचे स्वतःचे नियतकालिक असते तर त्यात त्याच आठवड्याची नोंद अपेक्षित होती. पण संघाचे ‘लेजिप्सियेन’ हे फ्रेंच मासिक सैझा नबरावी यांच्या संपादनाखाली सुरू झाले १९२५ मध्ये, आणि अरबी मुखपत्र निघाले १९३७ मध्ये. म्हणजे घटना घडली तेव्हा कर्त्यांच्या हाती स्वतःचे छापील पान नव्हते. या घटनेभोवती एवढी धूसरता का आहे, याचे एक साधे, भौतिक कारण इथे सापडते.

दोन साक्षी जुळवण्याचा एक मार्ग आहे. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर उतरलेला प्रवासी कैरोला आगगाडीनेच जाई. तेव्हा बोटीच्या शिडीवर नकाब वर झाला, तिथे कुणी पाहिले नाही. आणि पुढे कैरोच्या स्थानकावर मैत्रिणींनी पाहिले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला प्रसंग कर्तीच्या मनात ठसला, कारण धडधड तेव्हा झाली होती. दुसरा पाहणाऱ्यांच्या मनात ठसला, कारण त्यांच्यासाठी तोच पहिला होता. ही मांडणी मला सर्वांत संभवनीय वाटते. मात्र हा तर्क आहे, आणि त्यातही महिन्याची गाठ सुटत नाही. सप्टेंबर धरला तर कैरोच्या स्थानकावरची गर्दी झगलूल यांच्यासाठीच लोटलेली असणार. तिच्यात रोमहून परतलेल्या दोघींसाठी आलेल्या बायकांचा घोळका वेगळा उठून दिसला असेल का, ही शंका राहतेच.

आता त्या हकिगतीतून जवळजवळ गळालेल्या तिसऱ्या स्त्रीकडे वळू. रोमच्या शिष्टमंडळात तिघी होत्या, पण नकाब दूर करताना दोघीच दिसतात. नबविया मूसा कुठे होत्या? याचे उत्तर सरळ आहे आणि फार बोलके आहे: त्यांच्या चेहऱ्यावर दूर करण्यासारखा नकाबच नव्हता. १८८६ साली जन्मलेल्या नबवियाबाई मध्यमवर्गातून आलेल्या. १९०७ मध्ये माध्यमिक शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या त्या पहिल्या इजिप्शियन विद्यार्थिनी. मुलींच्या शाळांत शिकवता-शिकवता, १९०९ च्या सुमारास, त्यांनी कसलाही गाजावाजा न करता चेहरा झाकणे सोडले होते. डोके झाकलेले, अंगभर काळा साधा पोशाख आणि उघडा चेहरा, असा त्यांचा वेष होता. त्यांनी यासाठी चळवळ केली नाही. त्यांचा जोर मुलींच्या शिक्षणावर आणि नोकरीवर होता. १९२० साली त्यांनी स्त्री आणि काम या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. हुदाबाईंच्या आधी सुमारे १४ वर्षे जी गोष्ट झाली, तिला कुणी ‘घटना’ म्हटले नाही. त्यामागे वर्गाचा प्रश्न आहे, असे मला वाटते. नोकरी करणाऱ्या शिक्षिकेचा चेहरा दिसला तर ती व्यक्तिगत बाब; सुलतान पाशांसारख्या बड्या जमीनदाराच्या मुलीचा, म्हणजे हुदाबाईंचा, चेहरा दिसला की तो इतिहास.

वर्गाचा हा धागा आणखी मागे जातो. त्या काळच्या इजिप्तमध्ये चेहरा झाकणे ही मुख्यतः शहरी रीत होती. शेतात राबणाऱ्या फल्लाह स्त्रिया सहसा चेहरा झाकत नसत; कामात ते शक्यच नव्हते. उलट शहरातल्या श्रीमंत घरांत पांढऱ्या तलम कापडाचा तुर्की वळणाचा नकाब वापरला जाई, आणि एके काळी तो केवळ मुसलमानांपुरता मर्यादित नव्हता. वरच्या थरातल्या कॉप्ट ख्रिश्चन आणि ज्यू स्त्रियाही तो घालत. म्हणूनच १८९९ मध्ये न्यायाधीश कासिम अमीन यांनी स्त्रीमुक्तीवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचा युक्तिवाद धर्मग्रंथांच्याच आधारे चालला होता: चेहरा आणि हात उघडे ठेवण्यास शरियतची आडकाठी नाही, नकाब ही रूढी आहे. त्याच वर्षी तलअत हर्ब यांनी नकाबाच्या बाजूने प्रत्युत्तराचे पुस्तक लिहिले. पुढे १९२० मध्ये बँक मिस्र ही राष्ट्रीय बँक उभी करणारे ते हेच. देशाच्या आर्थिक स्वावलंबनासाठी झटणारा माणूस नकाबाच्या बाजूने आणि वसाहतीच्या न्यायव्यवस्थेतला न्यायाधीश विरोधात, हे पाहिले की ‘पुरोगामी विरुद्ध प्रतिगामी’ अशी सोपी वाटणी इथे चालत नाही हे ध्यानात येते.

या दोन पुरुषांच्या वादात स्त्रीचा आवाज ऐकायचा तर मलक हिफ्नी नासिफ यांच्याकडे जावे लागते. ‘बाहिथत अल्‌-बादिया’ या टोपणनावाने त्या ‘अल्‌-जरीदा’ या दैनिकात लिहीत. त्यांचे लेख १९१० मध्ये पुस्तकरूपाने संग्रहित झाले. त्यांची भूमिका पाहून आजचा वाचक बुचकळ्यात पडेल. शिक्षिका, मुलींच्या शिक्षणाच्या कट्टर पुरस्कर्त्या, बहुपत्नीकत्वाच्या कडक टीकाकार. पण नकाब लगेच सोडा या सल्ल्याला त्यांचा विरोध होता. रस्त्यावरचे पुरुष अजून नीट वागायला शिकलेले नाहीत, मुली पुरेशा शिकलेल्या नाहीत, अशा वेळी एकाएकी चेहरे उघडे करून काय साधणार, असा त्यांचा सवाल होता. त्याहून मोलाचा त्यांचा दुसरा मुद्दा: पुरुषाने झाक म्हटले की झाकायचे आणि उघड म्हटले की उघडायचे, यात स्त्रीच्या इच्छेला जागा कुठे? १९१८ च्या साथीत, वयाची तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्या गेल्या. त्यांच्या स्मरणसभेत बोलणाऱ्यांत हुदा शारावी होत्या. १९२३ च्या कृतीकडे जाणारा जो रस्ता कागदपत्रांत दिसतो, त्यात मला कासिम अमीन यांच्या पुस्तकाइतकाच मलकबाईंचा हा सवाल महत्त्वाचा वाटतो. हुदाबाईंनी नकाब काढला तो कुणी सांगितले म्हणून नाही. तोवर त्या ४३-४४ वर्षांच्या होत्या. १९२२ मध्ये वैधव्य आले होते. इस्टेटीचा कारभार हाती होता. संघटना पाठीशी होती. वेळ त्यांनी निवडली. पतीच्या निधनाचा आणि या वेळेचा संबंध असावा, हा माझा अंदाज आहे. पण वेळ विचारपूर्वक ठरवलेली होती हे फातिहेच्या तपशिलावरून स्पष्ट होते. क्षणाच्या भरात केलेल्या गोष्टीआधी कुणी प्रार्थना म्हणत नाही.

आता याच घटनेच्या विरोधकांनी सांगितलेल्या आवृत्त्या. नकाबाच्या समर्थनार्थ पुढे लिहिल्या गेलेल्या काही अरबी पुस्तकांत दोन कथा आढळतात. पहिलीत ब्रिटिशांविरुद्धच्या १९१९ च्या बंडाच्या वेळी स्त्रियांनी कैरोच्या मोठ्या चौकात नकाब जाळले आणि त्यावरून चौकाला ‘तहरीर’, म्हणजे मुक्ती, असे नाव पडले. ही कथा टिकत नाही. मार्च १९१९ च्या स्त्रियांच्या मोर्चाची दोन स्वतंत्र वर्णने आहेत: एक हुदाबाईंचे आणि दुसरे मोर्चा अडवणाऱ्या कैरोच्या इंग्रज पोलीस प्रमुखाचे, थॉमस रसेल यांचे, त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रातले. हे पत्र म्हणजे अस्सल समकालीन साधन. आंदोलक आणि पोलीस, दोघेही स्त्रियांना उन्हात अडवून धरल्याचे सांगतात. नकाबांची होळी दोघांच्याही वर्णनात नाही. त्या दिवसांची छायाचित्रे चेहरे झाकलेल्या स्त्रियाच दाखवतात. आणि त्या चौकाचे अधिकृत नाव इस्माइलिया चौक असे होते. ‘तहरीर’ हे नाव मिळाले १९५२ च्या लष्करी क्रांतीनंतर. देशाच्या मुक्तीचे नाव नकाबाला चिकटवले गेले.

दुसरी कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. तीत झगलूल यांच्या स्वागताला हुदाबाई नकाब घालून येतात आणि झगलूल हसत हात पुढे करून तो स्वतः बाजूला सारतात. हुदाबाईंच्या आठवणींशी ताडले की ही कथा कशी घडली असावी याचा अंदाज येतो. झगलूल त्या ठिकाणी होतेच, गर्दीही होती. फक्त कृती करणारा हात बदलला. दोन स्त्रियांनी, फातिहा म्हणून, स्वतः केलेली गोष्ट एका पुरुषाच्या खेळकर हाताला बहाल झाली. विरोधकाला यात सोय होती: स्त्रियांनी मागितले नव्हते, पुढाऱ्यांनी बिघडवले, असे म्हणता येत होते.

गौरवाची आवृत्ती स्थानकावरच का स्थिरावली? याबाबत एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. शिल्पकार महमूद मुख्तार यांनी ‘नहदत मिस्र’, म्हणजे इजिप्तची जागृती, हे शिल्प घडवले: उठू पाहणारा स्फिंक्स आणि त्याच्या शेजारी, चेहऱ्यावरचे वस्त्र हाताने बाजूला सारणारी शेतकरी स्त्री. त्याचा नमुना पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला १९२० मध्ये, म्हणजे हुदाबाईंच्या कृतीच्या तीन वर्षे आधी. तेव्हा शिल्पाला त्या घटनेने प्रेरणा दिली असे म्हणता येत नाही. पण ग्रॅनाइटमधल्या पूर्ण शिल्पाचे अनावरण मे १९२८ मध्ये झाले ते बाब अल्‌-हदीद चौकात, कैरोच्या मुख्य रेल्वे स्थानकासमोर. १९५५ मध्ये ते विद्यापीठाच्या परिसरात हलवले गेले. म्हणजे २७ वर्षे स्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसासमोर वस्त्र बाजूला सारणारी स्त्री उभी होती. स्थानकाचा प्रसंग यामुळे रचला गेला असे मी म्हणत नाही. बद्रान यांनी दिलेली समकालीन वर्णनांची साक्ष तसे म्हणू देत नाही. पण बोटीची शिडी विसरली जाऊन स्थानक लोकांच्या स्मरणात पक्के झाले, त्यात या शिल्पाचा वाटा असू शकतो.

या कागदपत्रांच्या विरळपणाचा आणखी एक अर्थ आहे. तुलनेसाठी इराण घ्या. तिथे रझा शाहांच्या राजवटीने ८ जानेवारी १९३६ पासून पडदा उतरवण्याचे फर्मान अमलात आणले. त्या मोहिमेची साधने विपुल आहेत: मंत्रालयाची परिपत्रके, प्रांताधिकाऱ्यांचे अहवाल, पोलिसांच्या नोंदी, अधिकाऱ्यांनी पत्नीसह समारंभाला यावे असे हुकूम. उझबेकिस्तानात सोव्हिएत सत्तेने ८ मार्च १९२७ पासून परंजा, म्हणजे तिथला पडदा, जाळण्याची मोहीम सुरू केली, तिचेही पक्षाच्या दप्तरांत ढीगभर कागद आहेत. पडदा टाकून दिलेल्या असंख्य स्त्रियांचे त्यानंतर खून पडले, त्यांच्या नोंदीही आहेत. सरकार जेव्हा स्त्रीच्या चेहऱ्याबद्दल निर्णय घेते तेव्हा दप्तर फुगते. इजिप्तमध्ये कुठलेही फर्मान निघाले नाही. स्त्रीवादी संघाच्या मागण्यांमध्येही नकाबबंदी नव्हती. मताधिकार, मुलींच्या माध्यमिक शाळा, लग्नाचे किमान वय या मागण्या होत्या. त्यांपैकी मुलींचे किमान विवाहवय १६ करणारा कायदा डिसेंबर १९२३ मध्ये झाला आणि शुब्रा येथे मुलींची माध्यमिक शाळा १९२५ मध्ये सुरू झाली. या दोन्हींच्या तारखांबद्दल वाद नाही, कारण त्या शासनाच्या कागदावर आहेत. नकाबाची तारीख धूसर आहे, कारण त्यासाठी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

नंतरच्या काळात मात्र इजिप्तमध्येही दप्तर वाढत गेले. १९९४ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या आदेशाने शाळांत नकाबाला मनाई झाली. १८ मे १९९६ रोजी सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने तो आदेश वैध ठरवला, आणि निकालपत्रात चेहरा झाकण्याबाबतच्या धर्मशास्त्रीय मतमतांतरांची चर्चा केली. त्यानंतर कैरो विद्यापीठाने २०१५ मध्ये अध्यापिकांना वर्गात नकाब घालण्यास बंदी केली. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने शाळांमध्ये चेहरा झाकण्यास पुन्हा मनाई जाहीर केली. या वादांत दोन्ही बाजूंनी १९२३ चा दाखला दिला जातो, आणि दोन्ही बाजू तो आपापल्या सोयीच्या आवृत्तीतून देतात.

तपासाअंती पुराव्यांची प्रतवारी अशी लागते. हुदा शारावी आणि सैझा नबरावी यांनी नकाब जाहीरपणे सोडला, तो स्वतः सोडला, डोके झाकलेले ठेवून सोडला आणि रोमच्या परिषदेशी त्याचा संबंध होता, हे निश्चित. सुरुवात बोटीच्या शिडीवर झाली आणि मैत्रिणींनी ते पाहिले कैरोच्या स्थानकावर, हे संभवनीय. महिना मे-जूनचा की सप्टेंबरचा, याचा निकाल आज हाती असलेल्या दोन साक्षींवरून देता येत नाही. सप्टेंबरकडे पारडे किंचित झुकते, एवढेच म्हणावे. चौकातली होळी आणि झगलूल यांचा हात, या दोन्ही गोष्टी पुराव्याच्या कसोटीवर बाद होतात.

या प्रतवारीत जे सर्वांत भक्कम ठरले, तेच वादात सर्वांत आधी विसरले जाते. टाळ्या मागाहून आल्या, निषेध मागाहून आला, कायदे आणि निकाल तर फार नंतर आले. सर्वांच्या आधी होत्या नोकरीला जाताना मुकाट्याने चेहरा उघडा ठेवणारी एक शिक्षिका, ‘आमच्या इच्छेला जागा कुठे’ असे विचारणारी एक लेखिका, आणि स्वतः वेळ ठरवून पाऊल टाकणाऱ्या दोन मैत्रिणी. नकाब घालावा की घालू नये यावर या चौघींचे एकमत नव्हते. ठरवायचे कुणी, याबद्दल मात्र त्यांची वागणूक एकच साक्ष देते. आज नकाब सक्तीने घालायला लावणाऱ्याने किंवा सक्तीने काढायला लावणाऱ्याने १९२३ चा आधार घेतला, तर त्याला कागदपत्रांचा पाठिंबा मिळत नाही.